न्युबिया : पाण्याखालची गावं आणि अस्वानची ‘पारंपरिक’ गावं – कुठे जावं, काय पाहावं

रेवाकाठ

इजिप्तच्या सहलीत अस्वानला ‘न्युबियन गाव’ नावाचा दोन-तीन तासांचा कार्यक्रम हल्ली बहुतेक टूरवाले घालतात. निळी-पिवळी घरं, टाकीतली मगर, हातावर मेंदी, एक कप चहा, फोटो आणि परत. इथे त्याबद्दल तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहिलं गेलंय, म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा.

आधी एक गोष्ट पक्की करू. इजिप्तमधल्या जुन्या न्युबियातली जवळजवळ सगळी गावं आज नासर सरोवराच्या, म्हणजे अस्वानच्या उच्च धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी आहेत. जी दाखवतात ती गावं त्या मुलखाच्या उत्तर टोकाची, पाण्यातून वाचलेली. हे डोक्यात ठेवून गेलं तर दिसतं बरंच. नाहीतर रंगवलेल्या भिंती पाहून परत येणं होतं.

न्युबिया म्हणजे अस्वानजवळच्या पहिल्या प्रपातापासून दक्षिणेला सुदानात पार खार्टूमच्या बाजूपर्यंतचा नाईलकाठ. प्रपात सहा. नाव प्रपात असलं तरी पाणी उंचावरून कोसळत नाही, ग्रॅनाइटच्या खडकांमुळे नदी फुटते आणि नौका अडतात. इजिप्तच्या हद्दीत तीन पट्टे होते : उत्तरेला कनूझ, मध्ये अरबी बोलणारे अलेकात, दक्षिणेला फदिजा. कनूझ आणि फदिजा यांच्या भाषा वेगळ्या. पाण्याला एकीकडे ‘एस्सी’, दुसरीकडे ‘अमन’. म्हणून ‘न्युबियन भाषा’ असं एकेरी नाव घेतलं की तिथली माणसं लगेच विचारतात, कुठली?

बुडण्याचा क्रमही एकदाच नव्हता. जुनं अस्वान धरण १९०२ मध्ये झालं, १९१२ मध्ये उंची वाढली, १९३३ मध्ये पुन्हा. जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून १०६ मीटर, मग ११३, मग १२१. दर वेळी लोकांनी घरं वरच्या खडकाळ उतारावर नव्याने बांधली. काठची गाळाची शेती आणि खजुराची झाडं गेली, पुरुष कैरो-अलेक्झांड्रियाला स्वयंपाकी, दरवान, बोटींवरचे कामगार म्हणून गेले, घरं बायकांनी चालवली. उच्च धरणाचं काम १९६० मध्ये सुरू झालं, १९७० मध्ये संपलं. ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात सुमारे ५०,००० लोक कोम ओम्बोजवळच्या ‘नसर अल-नुबा’ वसाहतीत हलवले गेले. सुदानच्या बाजूने साधारण तेवढेच लोक वादी हल्फाहून शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिरबाला गेले.

आता भर घाला. प्रवासाचं, घरांचं, खाण्याचं.

भटक्या_राघू

चांगला धागा. जाण्याचं मी लिहितो.

निवडीला चार ठिकाणं आहेत.

गर्ब सुहैल : पश्चिम काठ, अस्वान शहराच्या दक्षिणेला, सुहैल बेटासमोर. सगळ्या सहली इथेच येतात. हे गाव जुन्या धरणाच्या उत्तरेला, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे दोन्ही जलाशयांच्या बाहेर राहिलं. कॉर्निशवरून, म्हणजे शहरातल्या नदीकाठच्या रस्त्यावरून, मोटारबोटीने अर्धा-पाऊण तास. ही वाटच मुळात पाहण्यासारखी : पहिल्या प्रपाताचे काळे गुळगुळीत खडक, बगळे, पाणकावळे. टॅक्सीने जुन्या धरणावरून पश्चिम काठाला उतरून रस्त्यानेही जाता येतं. ते स्वस्त, पण नदीची वाट हुकते. जाताना बोट, येताना टॅक्सी हा मधला मार्ग.

शिडाच्या फलूकाने जाऊ नका. वारा बहुतेक उत्तरेकडून असतो, त्यावर दक्षिणेला जाता येतं हे खरं, पण खडकांच्या पट्ट्यात प्रवाह जोरात असतो. वारा पडला की तिथेच अडकायला होतं, आणि शेवटी दुसऱ्या बोटीला बांधून ओढत नेतात. त्याचे पैसे वेगळे.

एलिफंटाइन बेट : शहरासमोरच. सिऊ आणि कोती ही दोन वाड्या म्हणावीत अशी गावं. स्थानिकांच्या फेरीबोटीने पाच मिनिटं. बोटीत बायकांची बसायची बाजू वेगळी असते, ती पाहून बसा. इथे दुकानं कमी, गल्ल्या अरुंद, शेतं चालू. बेटाच्या दक्षिण टोकाला ख्नुमच्या देवळाचे अवशेष आणि नाईलमापक (पुराची पातळी मोजायच्या जुन्या पायऱ्या) आहे, त्याला तिकीट लागतं. गावात फिरायला काही लागत नाही. कुणी ‘गावाचं तिकीट’ मागितलं तर हसून पुढे व्हा.

हैसा : दोन धरणांच्या मधलं बेट, फिले देवळाजवळ. शल्लालच्या धक्क्यावरून बोट करावी लागते. शांत. फिले पाहायला जाताच आहात तर बोटवाल्याशी दोन्हीचं एकत्र ठरवा.

गर्ब अस्वान : रेल्वे स्टेशनच्या बाजूने फेरी पकडून पश्चिम काठाला, कुब्बत अल-हवाच्या थडग्यांखाली. पर्यटक थडगी पाहून परततात, गावात फारसं कुणी शिरत नाही.

भावाचं म्हणाल तर आकडा लिहून उपयोग नाही, पाउंडाची किंमत सारखी बदलते. पण ठरवताना चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्या : भाव माणशी की बोटीचा, जाऊन-येऊन की एकच बाजू, थांबण्याचा वेळ किती, वाटेत वाळूच्या किनाऱ्यावर थांबणार का. भांडणं होतात ती याच चारांवरून. पैसे परत आल्यावर द्यायचे.

वेळ : दुपारी तीननंतर गर्ब सुहैलच्या धक्क्यावर बोटींची रांग लागते. सकाळी आठ-नऊला गेलात तर गल्ली मोकळी आणि माणसं बोलायला मोकळी. मोसम ऑक्टोबर शेवट ते मार्च मध्य. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीपार असतो, तेव्हा तिथलेसुद्धा दुपारी बाहेर पडत नाहीत.

शेवंता

राघू, वाळूच्या किनाऱ्याबद्दल एक. तिथे पोहायला उतरवतात. नाईलमध्ये बिलहार्झिया (पाण्यातून कातडीवाटे शिरणारा परजीवी रोग) आहे, संथ पाण्यात जास्त, आणि खडकांजवळ ओढ फसवी. पाय बुडवायचेच असतील तर वाहत्या जागी, थोडा वेळ, आणि लगेच पुसून कोरडे करा.

घरात शिरायचे रिवाज : दाराबाहेर भिंतीला लागून जो ओटा असतो त्याला मस्तबा म्हणतात. तो अर्धा सार्वजनिक, तिथे बसलं तर कुणी हरकत घेत नाही. उंबरठ्याआत मात्र बोलावल्याशिवाय नाही. आतल्या चौकात बायकांचं काम चालू असतं. चपला बाहेर. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, हे पुरुषांनाही लागू. म्हाताऱ्या बायका काळा, पातळ, मागे लोळणारा ‘जर्जर’ नावाचा झगा घालतात. त्यांचा फोटो न विचारता काढू नका. विचारल्यावर नकार आला तर पैसे दाखवून पुन्हा विचारू नका.

‘मस्काग्ना’ म्हटलं की चेहरे उजळतात. अरबी सलामपेक्षा याचं मोल जास्त.

चहा ‘फुकट’ म्हणून देतात. तो पाहुणचारही असतो आणि धंदाही. निघताना ट्रेमध्ये काहीतरी ठेवायचं असतं. सुटे पाउंड जवळ ठेवा. मोठी नोट दिली की सुटे मिळत नाहीत, हे जगभर सारखंच.

मेंदी : लालसर-तपकिरी असेल तर घ्या. कोळशासारखी काळी, अर्ध्या तासात रंगणारी असेल तर नको. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी रसायन असतं, फोड येऊन डाग राहतात. मुलांना तर मुळीच नको.

शाकाहारी लोकांसाठी : फूल (शिजवलेला बाकला), तामिया (बाकल्याचे तळलेले वडे), बिसारा (बाकल्याचं घट्ट पिठलं) निर्धास्त. मुलुखिया ही पालेभाजी आणि भेंडीचं कालवण पानावर हिरवं दिसलं तरी बहुधा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ‘मांस नको’ म्हटलं की फक्त तुकडे बाजूला काढून वाढतात. म्हणून ‘मरक नको’ असं सांगायचं, मरक म्हणजे ते पाणी. जेवण हवं असेल तर सकाळीच कळवा, मातीच्या भांड्यातलं ताजीन ऐनवेळी होत नाही. दोक्यावर म्हणजे तव्यावर घातलेलं पातळ काबेद मिळालं तर सोडू नका, आपल्या घावनाच्या जवळचं. तरकीन नावाचा प्रकार मात्र आंबवलेल्या माशांचा आहे.

मातीवाला

निळ्या भिंतींचे फोटो सगळे काढतात, छताकडे कुणी बघत नाही. न्युबियाने जगाला दिलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे : लाकूड आणि सेंटरिंग (खालून द्यायचा तात्पुरता आधार) यांच्याशिवाय बांधलेलं कच्च्या विटांचं कमानछत. म्हणून जरा सविस्तर.

हे छत मुख्यतः कनूझ भागातलं. फदिजाकडे सपाट छतं असत, बाभळीचे वासे आणि त्यावर खजुराच्या झावळ्यांचे दांडे. तिथली शोभा दर्शनी भिंतीवर : मातीचे उठाव, चुन्याची पांढरी नक्षी, भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या बश्या. सगळं घर निळं रंगवणं हा हल्लीचा पर्यटनातला प्रकार. जुन्या घरांचा रंग मातीचा आणि चुन्याचा.

कमानछत बांधण्याची पद्धत अशी. खोली सुमारे ३ मीटर रुंद. त्याहून रुंद केली की बाजूच्या भिंतींवर रेटा वाढतो. बाजूच्या दोन भिंती जाड आणि बुटक्या, मागची एक भिंत उंच. त्या मागच्या भिंतीवर गवंडी चिखलाने हातानेच कमानीची रेषा काढतो. आकार अर्धवर्तुळ नाही, दोन टोकांना धरलेली साखळी सैल सोडली की जी वाकते, ती उलटी केल्यावर येणारी रेषा. त्या आकारात विटेवर फक्त दाब येतो, ताण येत नाही. कच्ची वीट दाब सोसते, ताण सोसत नाही.

विटा वेगळ्या पाडतात. साधारण २५ × १५ × ५ सेंटिमीटर, पेंढा नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे हलक्या. वीट ओली असतानाच मोठ्या बाजूवर बोटांनी तिरक्या दोन खाचा ओढतात. त्या खाचांमुळे चिखल धरतो आणि वीट ओल्या गाऱ्यावर चोखल्यासारखी चिकटते. बिनखाचेची वीट घसरते.

पहिला थर मागच्या भिंतीला टेकवून, खाली गाऱ्याची पाचर देऊन तिरपा लावतात. पुढचे थर त्याच तिरपेपणाने आधीच्यावर रेलत जातात. सगळी युक्ती या कलण्यात आहे : वीट उभी लावली तर पडेल, मागच्या थरावर रेललेली राहील. एका थरातल्या विटा आतल्या कडेला एकमेकींना कोरड्याच भिडवायच्या, बाहेरच्या कडेला जी फट उरते तिच्यात खापऱ्या नाहीतर दगडाच्या चिपा ठोकायच्या. तिथे गारा भरायचा नाही. वाळताना माती आकसते (हसन फाथी या इजिप्शियन वास्तुरचनाकाराने हा आकस ३७ टक्क्यांपर्यंत जातो असं नोंदवलंय), मग कमान आकार सोडते आणि बसते. नवखे इथेच चुकतात. हत्यार एकच, वाकस. दोन गवंडी एका खोलीचं छत दीड दिवसात पुरं करत.

याच फाथींनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अस्वानच्या पश्चिम काठावरचे गवंडी शोधून काढले आणि पुढे लक्सरसमोर नवं गुर्ना गाव उभारताना ही पद्धत वापरली. पद्धत किती जुनी ते पाहायचं तर लक्सरला रामेसियमच्या (दुसऱ्या रामेसेसच्या देवळाच्या) मागची धान्यकोठारं बघा. तेहतीसशे वर्षांच्या आसपासची, याच तिरप्या थरांची, काही अजून उभी. अस्वानला संत सिमियनच्या ओसाड मठातही दिसेल.

गावात ओळखायचं कसं? आत जाऊन वर बघा. थर तिरपे आणि भिंतीकडे झुकलेले असले तर खरं. गुळगुळीत सिमेंटचा गिलावा असेल तर बहुतेक आत काँक्रीट आहे आणि घुमट शोभेचा.

केळशीकर

मातीवाला, भन्नाट. हे कोकणात जमेल का? फार्महाउससाठी विचारतोय.

मातीवाला

जसंच्या तसं नाही. अस्वानला वर्षानुवर्षं पाऊस जवळपास पडतच नाही, म्हणून कच्ची माती टिकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकदा जोरदार वादळी पाऊस झाला तर मातीची घरं ढासळली आणि बिळांतले विंचू बाहेर येऊन शेकडो लोकांना चावले. तुमच्याकडे जून-जुलैत काय होईल विचार करा. भारतात ऑरोव्हिलला याच पद्धतीवर पुढचं काम झालंय. तिथे सुमारे ५ टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा वापरतात. कोकणासाठी त्या विटा, जांभ्याचा चौथरा आणि कमानीवर वेगळं कौलारू छप्पर असं हवं. म्हणजे खर्च दोन छतांचा. मी तरी घाटावरच्या कोरड्या तालुक्यातच सुचवेन.

जुनेपाने

इतिहासाची थोडी भर, कारण न्युबिया म्हणजे फक्त बुडालेली गावं नव्हेत. कर्मा, मग नपाता, मग मेरोए अशी कुशची राज्यं. इ.स.पू. आठव्या शतकात पिये राजाने उत्तरेला येऊन इजिप्त घेतला, तेच पंचविसावं घराणं. पुढे सहाव्या शतकापासून नोबाशिया, मकुरिया, अलोदिया ही ख्रिस्ती राज्यं. फरस इथल्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं पोलिश पथकाने १९६१ ते १९६४ मध्ये पाणी चढायच्या आत काढली, ती आज वॉर्साला आणि खार्टूमला.

बुडणारी स्मारकं वाचवायला युनेस्कोने १९६० मध्ये आवाहन केलं त्या मोहिमेत भारतही होता. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं पथक ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ च्या हंगामात न्युबियात गेलं आणि अफिया इथे दगडी भिंतींच्या घरांची पाचएक हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढली. ती जागा आता पाण्यात.

अबू सिंबलचं देऊळ ६५ मीटर वर उचललं गेलं. अमादाचं देऊळ रुळांवरून २.६ किलोमीटर सरकवलं. देंदूरचं न्यूयॉर्कला गेलं, देबोदचं माद्रिदला. मोठ्या स्थळांपैकी मूळ जागी उरलं ते फक्त कस्र इब्रिम, उंचावरचा जुना किल्ला.

अस्वानला गावात जाण्याआधी न्युबिया संग्रहालय करा, नंतर नाही. १९९७ मध्ये उघडलंय. गावांच्या जुन्या जीवनाची दालनं शेवटी आहेत आणि लोक दमून तिथवर पोचत नाहीत. उलट्या क्रमाने पाहिलं तरी चालेल. बागेत न्युबियन घराचा नमुना आहे, मातीवाल्यांनी सांगितलेलं छताचं तिथे पडताळून पाहा.

झुंबर

एक शंका. आपल्या जंजिऱ्याचे सिद्दी, मलिक अंबर वगैरे न्युबियनच ना?

जुनेपाने

नाही. ते इथिओपियाच्या बाजूचे, हबश. म्हणून हबशी. न्युबिया नाईलकाठचा, समुद्रापासून दूर. गावात गेल्यावर हा संबंध जोडून सांगू नका, उगाच गोंधळ होतो.

तिरपागडे

सगळं छान, पण मला गर्ब सुहैल हा सरळसरळ तमाशा वाटतो. उंट, मगर, आफ्रिकी मुखवटे. मुखवट्यांचा न्युबियाशी काय संबंध?

रेवाकाठ

मुखवट्यांचा नाही, ते बाहेरून येतात. मगरीचा आहे. दारावर वाळवलेली मगर टांगणं हा नजर लागू नये म्हणून जुना प्रघात. घरातल्या टाकीत जिवंत मगर ठेवून पिल्लाचं तोंड बांधून हातात देणं हा नवा धंदा. धरणाखालच्या नदीत मगरी आता दिसत नाहीत, सरोवरात आहेत. पिल्लू हातात घ्यायला नकार द्या, त्याचेच पैसे वेगळे मागतात म्हणून नकार सोपा आहे.

पण तमाशा म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. ती घरं राहती आहेत, माणसं खरीच न्युबियन आहेत, आणि शेती गेलेल्या लोकांनी दाखवण्याजोगं जे उरलं त्यावर पोट चालवलंय. बाजाराची गल्ली ओलांडून वरच्या बाजूला चढा, दहा मिनिटांत दुकानं संपतात. आणि जमलं तर एक रात्र राहा. शेवटची पर्यटक बोट गेली की गाव ओट्यांवर येतं.

ज्यांना खरोखर विस्थापितांचं न्युबिया पाहायचंय त्यांनी नसर अल-नुबा पाहावं. अस्वानपासून उत्तरेला ५० किलोमीटरच्या आसपास. बल्लाना, तोश्का, अबू सिंबल ही बुडालेल्या गावांची नावं तिथल्या वस्त्यांना तशीच आहेत. घरं सरकारी, ओळीने बांधलेली, आणि वाटप कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवरून झालं. त्यामुळे भाऊबंद आणि शेजारी विखुरले, म्हातारी माणसं नात्यापासून तुटली. नदी नजरेआड. पहिल्या काही महिन्यांत लहान मुलं आणि वृद्ध मोठ्या संख्येने गेले. धरणग्रस्त वसाहत पाहिलेल्या कुणालाही ती आखणी ओळखू येईल. लोकांनी नंतर दारात मस्तबा बांधले, भिंतींवर नक्षी काढली. तिथे पर्यटकांची सोय नाही, ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय कॅमेरा घेऊन जाऊ नये.

२०१४ च्या राज्यघटनेत कलम २३६ मध्ये न्युबियनांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत आणण्याचं वचन आहे. त्याच वर्षीच्या ४४४ क्रमांकाच्या अध्यादेशाने सीमेजवळचा बराच भाग लष्करी क्षेत्र ठरवला, त्यात जुन्या गावांच्या जमिनी येतात. मुदत २०२४ मध्ये संपली. गावात हा विषय आपणहून काढू नका, समोरच्याला अडचण होऊ शकते. त्यांनी काढला तर ऐका.

शेवंता

खरेदीचं राहिलं. करकडे म्हणजे लाल अंबाडीची वाळलेली बोंडं, विदर्भात सरबत करतात तीच. अस्वानची नावाजलेली. अख्खी, गडद, थोडी लवचिक बघून घ्या. चुरा झालेली किंवा फिकट गुलाबी नको. एक लिटर गार पाण्यात मूठभर रात्रभर भिजवली की आंबट-गोड स्वच्छ उतरतं, उकळली तर तुरट होतात. ‘केशर’ म्हणून जे स्वस्तात विकतात ते करडईच्या पाकळ्या असतात. चुरगाळून पाण्यात टाका, केशराचा तंतू तंतूच राहतो. खजूर घ्यायचा तर सुका बर्तमोदा मागा.

आणि जबना कॉफी दुकानात नाही, घरात प्या. हिरव्या बिया तिथेच भाजतात, सुंठेबरोबर खलबत्त्यात कुटतात, मातीच्या छोट्या जबनात उकळतात. तोटीत खजुराच्या झाडाच्या काथ्याचा बोळा असतो, तोच गाळणं. ओतणाऱ्याने बोळा काढला तर गाळ कपात येणार.

केळशीकर

सुदानच्या बाजूचं मेरोए वगैरे जोडता येईल का सहलीत?

भटक्या_राघू

नको. एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध आहे. इजिप्तपुरतं ठेवा. अस्वानला तीन रात्री धरा : एक दिवस संग्रहालय आणि एलिफंटाइन, एक दिवस फिले-हैसा आणि संध्याकाळी मुक्कामाला गर्ब सुहैल, एक दिवस अबू सिंबल. अबू सिंबल रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर, एका बाजूला तीन-साडेतीन तास, गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघतात. गर्ब सुहैलला मुक्काम असेल तर गाडी पश्चिम काठावर घ्यायला येणार का ते आदल्या दिवशीच विचारा, कारण त्या वेळी नदी ओलांडायला बोट मिळत नाही. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात म्हणून तुडुंब गर्दी असते, ते नको असेल तर आजूबाजूचे दोन-तीन दिवस टाळा. ड्रोन तर मुळीच नेऊ नका, परवान्याशिवाय बंदी आहे आणि विमानतळावरच अडकवतात.